नवं यंत्र घेण्याआधी वजनकाटा: खान्देशातल्या कारखान्यात तंत्रज्ञान कसं आणावं

जळगावच्या एमआयडीसीत नवं यंत्र येतं ते बहुतेक वेळा तीनपैकी एका कारणाने: शेजारच्याने घेतलं, प्रदर्शनात डोळ्यांत भरलं, किंवा सबसिडी चालू आहे. तिन्ही कारणं खरी असतात, पण त्यातलं एकही तुमच्या कारखान्यातून आलेलं नसतं. तंत्रज्ञानाचं नियोजन म्हणजे हा क्रम उलटा करणं. आधी आपला पैसा कुठे गळतो ते मोजायचं, मग ती गळती कशाने थांबेल ते शोधायचं, आणि पैसा टाकण्याआधीच कुठल्या आकड्याला माघार घ्यायची ते लिहून ठेवायचं.

पुढचं सगळं २० ते २०० माणसांच्या कारखान्यासाठी आहे: डाळ मिल, पीव्हीसी पाइप, प्लॅस्टिक चटई, केळी प्रक्रिया, नंदुरबारकडची मिरची. मुख्य उदाहरण डाळ मिलचं धरलं आहे, कारण तिथे नफा-तोटा अर्ध्या टक्क्यावर फिरतो आणि तो अर्धा टक्का काट्यावर दिसतो.

गळतीचा हिशेब

तुरीच्या दाण्यात डाळीचा भाग साधारण ८५ टक्के असतो, बाकी टरफल आणि अंकुर. मिलमध्ये हाती येतो ७० ते ७५ टक्के उतारा, म्हणजे शंभर किलो तुरीतून ७० ते ७५ किलो डाळ. मधली तफावत खंडा (तुटलेली डाळ), चुनी (गुरांच्या खाद्याला जाणारा चुरा) आणि पावडरीत जाते. समजा तुमची मिल रोज २० टन तूर घेते आणि वर्षाला २५० दिवस चालते. म्हणजे ५,००० टन. उतारा १ टक्का वाढला तर ५० टन माल चुनीच्या भावाऐवजी डाळीच्या भावाने जाईल. डाळ १०० रुपये आणि चुनी २५ रुपये किलो धरली तर फरक ७५ रुपयांचा, आणि वर्षाला साडेसदतीस लाख. भाव बदलतील, पण गणित हेच राहील. आपला आकडा घालून एकदा करून बघा. अनेक मालकांना आपला खरा उतारा माहीतच नसतो. ते महिन्याच्या खरेदीला महिन्याच्या विक्रीने भागतात आणि गोदामातला शिल्लक माल विसरतात.

मोजणी लॉटवार करा. प्रत्येक लॉटला वहीत एक ओळ: तूर कुठली, वजन, ओलावा, टरफल सुटायला तेल किती लावलं, टरफल खरवडणाऱ्या रोलरमधून किती पास (फेऱ्या) झाले, डाळ, खंडा, चुनी, टरफल. निघालेल्या सगळ्या मालाची बेरीज आत गेलेल्या वजनाशी ताडा. एक-दोन टक्के धूळ आणि ओलाव्यात जातात, ते ठीक. पाच टक्के जुळत नसतील तर आधी काटा तपासा, मग माणसं, आणि यंत्राचा विचार त्यानंतर.

ओलाव्याची एक फसगत फार लोकांना चुकवते. १२ टक्के ओलाव्याची १०० किलो डाळ १० टक्क्यांवर आली की तिचं वजन ९७.८ किलो भरतं, कारण कोरडा माल ८८ किलोच असतो आणि ८८ भागिले ०.९० म्हणजे ९७.८. एवढ्यात उतारा सव्वादोन टक्क्यांनी 'घटला', आणि यंत्राचा त्यात काही दोष नाही. म्हणून तुलना नेहमी एकाच ओलाव्यावर आणून करायची. चांगला ओलावामापक ही या कामातली सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी खरेदी.

आता गळतीचं कारण. बारीक आणि जाड दाणा एकाच रोलरवर, एकाच गॅपला (फटीला) टाकला की जाड दाणा खरवडला जातो आणि बारीक तसाच सुटतो. मग बारकाला पुन्हा पास द्यावा लागतो, त्यात जाडाची आणखी पावडर होते. इथे इलाज चाळणीचा आहे, म्हणजे ग्रेडिंगचा. पण मालकाच्या मनात असतं सॉर्टेक्स. सॉर्टेक्स रंग बघून दाणा उडवतं. त्याने मालाचा चेहरा सुधारतो, भाव सुधारतो, पण उतारा वाढत नाही. उलट रिजेक्टमध्ये चांगला दाणा जातो तेवढा उतारा कमीच होतो. स्वतःच्या ब्रँडने पाकीट विकणाऱ्याला सॉर्टेक्स लागतंच. ठोकमध्ये माल देणाऱ्याने आधी बघावं की त्याचा व्यापारी साफ मालाला किती जादा देतो. आपली अडचण उताऱ्याची की भावाची, हे ठरल्याशिवाय कोटेशन मागवू नये.

कशावर लढायचं ते एका वाक्यात

'आम्ही ठोक व्यापाऱ्याला सगळ्यात कमी प्रक्रिया-खर्चात डाळ देतो' किंवा 'आम्ही शहरातल्या दुकानाला वर्षभर एकसारखी डाळ देतो'. दोन्ही धंदे चांगले, पण त्यांना लागणारं तंत्रज्ञान वेगळं. पहिल्याला वीज, तेल, मजुरी आणि उतारा. दुसऱ्याला ड्रायर, सॉर्टेक्स, पॅकिंग आणि लॉटचा माग ठेवणारी नोंद. दोन्ही वाक्यं भिंतीवर लावणारा कारखाना पैसा दोन्हीकडे अर्धा-अर्धा टाकतो आणि कुठेच पुरत नाही.

मग तंत्रज्ञानासाठीचा वर्षाचा पैसा तीन भागांत ठेवा: चालू यंत्र सुधारण्यासाठी, त्याच मालाच्या शेजारच्या वस्तूसाठी, आणि दूरच्या प्रयोगासाठी. मोठ्या कंपन्यांच्या चर्चेत ७०-२०-१० हे प्रमाण सारखं ऐकू येतं. लहान कारखान्याला ८५-१०-५ जास्त झेपतं. मात्र ते ५ शून्य करू नका. जैन इरिगेशनचे संस्थापक भवरलाल जैन यांनी १९७८ मध्ये केळीच्या भुकटीचा कारखाना घेतला आणि तिथे पपईच्या चिकापासून पपेन हे एन्झाइम काढायला सुरुवात केली. पाइप आणि ठिबक नंतर आले. दूरचा प्रयोग म्हणजे हवेतला इमला असंच काही नाही. तो आपल्या भागात पिकतं त्या मालावर आणि आपल्याला येतं त्या कौशल्यावर उभा असावा, एवढंच.

काही बदल तुमच्या मर्जीवर नसतात. पीव्हीसी पाइपमधल्या शिशाच्या स्टॅबिलायझरविरुद्ध (पीव्हीसी तापताना बिघडू नये म्हणून घालतात ते द्रव्य) केंद्र सरकारने २०२१ मध्ये नियम काढले. ज्यांनी शिशाऐवजी कॅल्शियम-झिंकच्या स्टॅबिलायझरच्या चाचण्या आधीपासून घेतल्या होत्या त्यांना सवड मिळाली. हा स्टॅबिलायझर तापमानाच्या चुका कमी माफ करतो, त्यामुळे पाइप काढणाऱ्या यंत्राच्या बॅरलची झोनवार सेटिंग, स्क्रूचा वेग, मिक्सरमधलं तापमान, सगळं पुन्हा बसवावं लागतं, आणि पाइप पुन्हा आयएस ४९८५ या भारतीय मानकाच्या चाचण्यांतून काढावा लागतो. हे काम ऑर्डर अंगावर असताना होत नाही. म्हणून दर सहा महिन्यांनी एक अर्धा दिवस फक्त यासाठी काढा: आपल्या मालाचं मानक, प्रदूषणाचे नियम आणि आयात शुल्क यांत काय बदलतंय.

बनवायचं, विकत घ्यायचं की परवाना

यंत्रवाल्याच्या दारात जाण्याआधी दोन दरवाजे ठोठवा. पहिला सरकारी संशोधन संस्थांचा. डाळीसाठी म्हैसूरची सीएफटीआरआय (अन्न तंत्रज्ञान संस्था), लुधियानाची सीआयपीएचईटी (काढणीनंतरच्या प्रक्रियेची संस्था), कानपूरची डाळ संशोधन संस्था. आणि घराजवळ अकोल्याचं पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ, जिथे पीकेव्ही मिनी डाळ मिल तयार झाली. प्लॅस्टिकसाठी छत्रपती संभाजीनगरची सीपेट ही केंद्रीय प्लॅस्टिक संस्था. केळीसाठी जळगावचं केळी संशोधन केंद्र आणि तिरुचिरापल्लीची राष्ट्रीय संस्था. जळगावात कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाकडे रासायनिक तंत्रज्ञानाचा विभाग आहे. विद्यार्थ्याच्या प्रकल्पाला तुमची खरी अडचण द्या, स्वस्तात चाचण्या होतात. फक्त निकाल कोणाचा आणि तो छापायचा की नाही, हे आधी लेखी ठरवा.

संस्थेकडून तंत्रज्ञान घेताना ते कुठल्या पायरीवर आहे ते विचारा. नासाने तयारीच्या नऊ पायऱ्यांची मोजपट्टी रूढ केली. त्यात चौथी म्हणजे प्रयोगशाळेत जमलं, सातवी म्हणजे खऱ्या वातावरणात नमुना चालला, नववी म्हणजे रोजच्या कामात सिद्ध. चौथीवरचं तंत्रज्ञान फुकट मिळालं तरी महाग पडू शकतं, कारण चौथीपासून सातवीपर्यंतचा खर्च तुमचा असतो. सातवीच्या खालचं काही घ्यायचं असेल तर पुरवठादाराने जोखमीत भागीदार व्हायला हवं.

दुसरा दरवाजा पेटंटचा, आणि तो उघडाच आहे. भारतीय पेटंट कार्यालयाचा शोध मोफत आहे, गूगल पेटंट्सही. पेटंट देशापुरतं असतं: जर्मनीत आहे आणि भारतात घेतलेलंच नाही, तर इथे ते तंत्र वापरायला कोणी अडवू शकत नाही. मात्र तो माल जर्मनीला विकायला गेलात की अडकाल. पेटंटची मुदत अर्जापासून २० वर्षं, आणि नूतनीकरणाचं शुल्क न भरल्याने आधीच विझलेली पेटंटंही असतात. ती सगळी आता सार्वजनिक. सुकवण्याच्या, टरफल काढण्याच्या, एक्स्ट्रूजन डायच्या (पाइपला आकार देणाऱ्या साच्याच्या) कितीतरी रचना अशा पडून आहेत. आकृत्यांसकट. चांगला फॅब्रिकेटर हाताशी असेल तर हा सगळ्यात स्वस्त मार्ग.

परवाना घ्यायचा असेल तर पाच गोष्टी करारात बघा: एकरकमी किती, रॉयल्टी कशावर (एकूण विक्रीवर की कर आणि वाहतूक वजा करून), दुसऱ्यालाही देणार का, कुठल्या प्रदेशापुरतं, आणि तुम्ही त्यात केलेली सुधारणा कोणाची. पाचवा मुद्दा सगळे सोडतात. नंतर भांडण त्यावरूनच होतं.

चाचणी

एकाच लॉटमधली पोती घ्या आणि एक पोतं इकडे, एक पोतं तिकडे असं वाटा. आजचा लॉट जुन्या यंत्रावर आणि उद्याचा नव्यावर घातला तर तुम्ही तूर मोजताय, यंत्र नाही. असे किमान सहा लॉट करा. सकाळी जुनं आणि दुपारी नवं असा क्रम ठेवला असेल तर दुसऱ्या दिवशी उलटा करा. सगळ्यात मोठी चोरवाट एमरीची, म्हणजे रोलरवरच्या खरखरीत थराची: नव्या यंत्राला कोरी एमरी असते, जुन्याची झिजलेली. चाचणीआधी जुन्या रोलरची एमरी नवी करून घ्या. पुष्कळदा तेवढ्यानेच फरक मिटतो आणि नव्या यंत्राचे पैसे वाचतात.

ड्रायरची चाचणी मे महिन्यात घेऊ नका. खान्देशात मेमध्ये पारा ४५ च्या घरात आणि हवा अशी कोरडी की यार्डात नुसती ताडपत्री पसरली तरी माल वाळतो. त्या हवेत कुठलाही ड्रायर चांगलाच दिसणार. ड्रायर लागतो तो जून ते सप्टेंबर, यार्ड बंद असतं तेव्हा. पुरवठादाराला म्हणा, ऑगस्टमधली आकडेवारी दाखव, नाहीतर ऑगस्टमध्ये चालवून दाखव. तापमान घाईने चढवलं की तुरीच्या दाण्याला तडा जातो आणि पुढे रोलरवर खंडा वाढतो. म्हणून ड्रायरचा हिशेब ड्रायरच्या तोंडाशी संपत नाही, मिलच्या शेवटच्या चाळणीवर संपतो.

पैसा टप्प्याने, अट आधी

प्रकल्प ४० लाखांचा असेल तर पहिला टप्पा १ टक्क्याचा: एका पानावर अडचण, आजचा आकडा, आणि तीन पर्यायांची चौकशी. ४० हजार. दुसरा ५ टक्क्यांचा: भाड्याने किंवा पुरवठादाराच्या जागेवर आपला माल नेऊन चाचणी. २ लाख. तिसरा २५ टक्क्यांचा: एकच यंत्र, एकच लाइन, एक हंगाम. १० लाख. उरलेले त्यानंतर.

प्रत्येक टप्प्याला एक अट आणि एक तारीख. 'उतारा सुधारायला हवा' ही अट नव्हे. अट अशी: ३१ मार्चपर्यंत सहा लॉटमध्ये, सारख्या ओलाव्यावर, उतारा किमान ०.४ टक्के वाढला आणि खंडा वाढला नाही, तर पुढे, नाहीतर बंद. कागदावर मालक, उत्पादनवाला, विक्रीवाला आणि हिशेबनीस अशा चौघांच्या सह्या. पाचवा माणूस बाहेरचा असावा, ज्याचा त्यात पैसा नाही आणि नातंही नाही. घरच्या धंद्यात प्रकल्प थोरल्याने आणलेला असतो आणि धाकट्याच्या तोंडून 'बंद करा' निघत नाही. 'आता एवढे घातलेच आहेत तर' हे वाक्य बैठकीत निघालं की समजा अट लिहिली गेली नव्हती.

परतफेडीचा हिशेब दोन वर्षांवर करा, एक भरल्या हंगामाचं आणि एक दुष्काळाचं. वरच्याच मिलमध्ये उतारा अर्धा टक्का वाढला तर वर्षाला १८.७५ लाख. वीज, देखभाल, व्याज मिळून ५ लाख वजा. उरले १३.७५, म्हणजे ४० लाख फिटायला २.९ वर्षं. आता पाऊस दगा देतो, आवक घटते, मिल १५० दिवसच चालते. ३,००० टनांवर मिळतात ११.२५ लाख, खर्च मात्र ४ लाखांच्या खाली येत नाही, कारण व्याज दिवस मोजत नाही. उरले ७.२५. फिटायला साडेपाच वर्षं. कर्ज पाच वर्षांचं असेल तर लागोपाठ दुष्काळ पडल्यास हप्ता दुसऱ्या कमाईतून भरावा लागेल. ते झेपणार नसेल तर लहान यंत्र घ्या. सबसिडी या हिशेबात धरूच नका. मिळाली तर वरकमाई. सबसिडीशिवाय जे यंत्र परवडत नाही ते सबसिडी घेऊनही बहुधा नकोच असतं.

ऑर्डर लिहिताना

कोटेशनमधली क्षमता पुरवठादाराच्या मालावरची असते. ऑर्डरमध्ये लिहा: आमच्या मालावर, आमच्या जागी, सलग तीन दिवस, ताशी इतका टन, रिजेक्टमध्ये चांगला दाणा इतक्या टक्क्यांहून कमी. शेवटचे १० टक्के पैसे त्यानंतर. सुट्या भागांची यादी भावासकट आणि तो भाव किती वर्षं राहील तेही. आणि पीएलसीचा (यंत्र चालवणाऱ्या छोट्या संगणकाचा) पासवर्ड. हे फार थोडे लोक मागतात. पुरवठादार प्रोग्रॅमला कुलूप लावून जातो. चार वर्षांनी एक टायमर बदलायचा तरी त्याचाच माणूस बोलवावा लागतो, आणि तो येईपर्यंत लाइन बंद. प्रोग्रॅमचा बॅकअप, पासवर्ड आणि वायरिंगचा नकाशा मिळाल्याशिवाय शेवटचा चेक देऊ नये.

सॉर्टेक्स घेत असाल तर त्याच्यासोबतच्या सामानाचे पैसे आधीच धरा. कॉम्प्रेसरच्या हवेत पाणी किंवा तेल गेलं की दाणा उडवणाऱ्या इजेक्टरचे व्हॉल्व्ह चिकटतात आणि चांगला-वाईट दाणा एकत्र उडतो. एअर ड्रायर, फिल्टर, विजेचा व्होल्टेज स्टॅबिलायझर, नीट अर्थिंग, आणि उन्हाळ्यात कंट्रोल पॅनेलला गारवा. काचेवर डाळीची पावडर बसते, ती प्रत्येक शिफ्टला पुसायची. हे नसेल तर लाखांचं यंत्र चाळणीसारखं वागतं आणि बोल यंत्राला लागतो.

माणसं

ज्या मिस्त्रीला रोलरच्या आवाजावरून गॅप कळतो, त्याला नव्या यंत्राच्या निवडीत बसवा. चाचणीची वही त्याच्याच हाताने भरू द्या. ठेका टनावर असेल तर माणूस टन काढणार, उतारा नाही. नवं यंत्र येण्याआधी मोबदल्यात उताऱ्याचा आणि खंड्याचा भाग घाला. प्रत्येक शिफ्टला दोन ऑपरेटर शिकलेले हवेत, कारण शिकलेला एकच असला की तो लग्नसराईत गावी जातो आणि यंत्र झाकून ठेवावं लागतं. शिकलेली पोरं पुण्या-नाशिकला जातात ही तक्रार खरी आहे. त्यावर इथल्याच आयटीआय-पॉलिटेक्निकचे अप्रेंटिस दरवर्षी घेत राहणं एवढाच टिकाऊ उपाय दिसतो.

आपण काही नवं केलं तर

अर्ज आधी, प्रदर्शन नंतर. हिवाळ्यात कृषी प्रदर्शनात यंत्र मांडलं, व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ फिरला, आणि मग पेटंटला गेलात तर नावीन्य संपलेलं असतं. घाई असेल तर प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता अर्ज करा. लहान उद्योगाला ऑनलाइन अर्जाचं सरकारी शुल्क १,६०० रुपये, उद्यम नोंदणी जोडावी लागते. त्यानंतर १२ महिन्यांत संपूर्ण तपशील द्यायचा. परीक्षणाची मागणी वेगळी करावी लागते, २०२४ च्या बदलानंतर ३१ महिन्यांत. ही तारीख चुकली की अर्ज मागे घेतल्यासारखा धरतात. शेतीच्या पद्धतीला, म्हणजे केळीच्या लागवडीच्या अंतराला वगैरे, भारतात पेटंट मिळत नाही. ठिबकच्या तोटीच्या रचनेला मिळू शकतं. नव्या वाणासाठी २००१ चा वेगळा कायदा आहे. चटईच्या नक्षीसाठी डिझाइन नोंदणी पुरते, १० वर्षं आणि वर ५.

आणि काही गोष्टींचं पेटंट घेऊच नये. तुरीला किती तेल, किती वेळ मुरवायचं, मिरची किती ओलाव्याला दळायची: हे बाहेरून बघून कळत नाही, पेटंट घेतलं की मात्र छापून येतं. ते गुपित ठेवा. कामगार, ठेकेदार आणि यंत्रवाल्याशी गोपनीयतेचा करार करा, आणि पूर्ण कृती एकाच माणसाच्या वहीत ठेवू नका.

यंत्र बसून एक हंगाम झाला की जुन्या पानावरचा आकडा आणि नवा आकडा शेजारी मांडा, तोच काटा, तोच ओलावा. अट पूर्ण झाली नसेल तर यंत्र त्याच महिन्यात विकायला काढा. पुरवठादाराची वॉरंटी शिल्लक असताना मिळणारा भाव वर्षभराने मिळत नाही. चाचणीची वही मात्र विकू नका, फाडू नका: पुढच्या कोटेशनवाल्यासमोर ती उघडी ठेवून बसायचं असतं.